चांगलं शेव्हिंग क्रीम हवं? आधी नळाचं पाणी बघा

पुण्यात दाढी करायला बसलेल्या माणसाच्या मगात दोनपैकी एक पाणी असतं. एक धरणाचं, म्हणजे शहरात खडकवासला-पानशेतचं आणि पिंपरी-चिंचवडकडे पवनेचं. दुसरं बोअरचं किंवा टँकरचं. वाघोली, उंड्रीसारख्या भागांतल्या कित्येक सोसायट्यांना हे दुसरं पाणी चांगलंच परिचयाचं आहे. रोजच्या दाढीसाठी कोणतं क्रीम चांगलं, असं कुणी विचारलं की मी आधी पाण्याची चौकशी करतो. त्वचा कोरडी की तेलकट, ब्रश वापरता की नाही, हे प्रश्न नंतरचे. कारण क्रीमचं मुख्य काम एकच आहे: दाढीच्या केसात मुरलेलं पाणी दाढी उरकेपर्यंत तिथे टिकवायचं. वास, थंडावा आणि भरघोस फेस या गोष्टी त्यानंतर येतात.

दाढीचा केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. कोरडा असताना तो ताठ आणि चिवट असतो. पाणी मिळालं की ते शोषून घेतो, थोडा फुगतो, मऊ पडतो, आणि मग तो कापायला पात्याला बराच कमी जोर लागतो. हे व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात. पाणी कोमट असेल तर काम लवकर होतं. पण त्वचेतून पाझरणारं तेल केसावर बसलेलं असतं आणि ते पाण्याला अडवतं. दुचाकीवरून फिरणाऱ्याच्या चेहऱ्यावर त्यात धुळीची भर. म्हणून क्रीमची ट्यूब उघडण्याआधी चेहरा साबणानं किंवा फेसवॉशनं धुवायचा आणि न पुसता ओलाच ठेवायचा. सगळ्यात उत्तम म्हणजे आंघोळीनंतर दाढी. आपल्याकडे बऱ्याच घरांत आधी दाढी आणि मग आंघोळ हाच क्रम असतो. तो बदलायचा नसेल, तर गरम पाण्यात पिळलेला टॉवेल दोन मिनिटं गालांवर धरा. तेवढ्यानंही फरक पडतो.

नुसतं पाणी चेहऱ्यावर थांबत नाही. ते ओघळतं, सुकतं. क्रीमचा फेस म्हणजे पाण्याचे अगदी पातळ पापुद्रे, साबणाच्या आधारानं हवेच्या बुडबुड्यांभोवती उभे राहिलेले. बुडबुडे जितके बारीक, तितका फेस दाट आणि तितकं पाणी जास्त वेळ केसाला लागून राहतं. याच्या जोडीला क्रीम दुसरं काम करतं. पातं आणि कातडी यांच्यामध्ये निसरडा थर ठेवतं, म्हणजे पातं केस कापून पुढे सरकतं, कातडी खरवडत नाही.

आता हा फेस जमला की नाही, हे ओळखायचं कसं? ब्रश कोमट पाण्यात भिजवा, हलकेच झटका, बदामाएवढं क्रीम घ्या आणि गालावर गोल-गोल फिरवायला लागा. पहिल्या अर्ध्या मिनिटात मोठे-मोठे बुडबुडे दिसतात, चेहरा पांढरा होतो, आणि बहुतेक लोक इथेच थांबतात. थांबू नका. ब्रशच्या टोकाला दोन-चार थेंब पाणी लावून आणखी मिनिटभर फिरवा. बुडबुडे डोळ्यांना दिसेनासे होतात, फेसाला चकाकी येते आणि तो फेटलेल्या सायीसारखा गालाला धरून बसतो. बोटानं त्यात रेघ ओढली तर ती तशीच राहते. फेस निस्तेज, कोरडा दिसत असेल आणि कानाजवळ नेल्यावर बारीक चुरचुर ऐकू येत असेल, तर त्यात पाणी कमी आहे. गळ्यावरून ओघळत असेल तर जास्त झालंय. माझ्या मते, स्वस्तातलं क्रीम असा फेस करून लावलं, तर घाईत फासलेल्या महागड्या क्रीमपेक्षा त्याची दाढी चांगली होते.

ट्यूबच्या मागे काय लिहिलेलं असतं

घटकांची यादी सहसा प्रमाणाच्या उतरत्या क्रमानं असते. ब्रशच्या क्रीममध्ये पाण्याच्या बरोबरीनं वर दिसतं ते स्टिअरिक ॲसिड. हे एक मेदाम्ल आहे, तेला-तुपात असतं त्या जातीचं. दाट, टिकाऊ फेस याच्यामुळे मिळतो. त्याच्या मागे खोबरेल तेल किंवा त्यातून निघणारी लॉरिक, मिरिस्टिक ही आम्लं असतात. यांच्यामुळे फेस चटकन उठतो, पण एकट्यांच्या बळावर तो तितक्याच चटकन बसतो. म्हणून चांगल्या क्रीममध्ये दोन्हींची सांगड असते.

त्याच यादीत पोटॅशियम हायड्रॉक्साइड दिसलं की अनेकांना धसका बसतो, कारण शाळेच्या प्रयोगशाळेत या रसायनाला हात लावायची बंदी असायची. घाबरायचं कारण नाही. मेदाम्ल आणि हा अल्कली एकत्र आले की साबण तयार होतो आणि त्यात अल्कली खर्ची पडतो. ट्यूबमध्ये उरतो तो साबण. सोडियमचा साबण कडक असतो, अंघोळीची वडी त्याची. पोटॅशियमचा साबण मऊ असतो आणि पाण्यात लवकर विरघळतो, म्हणून क्रीममध्ये मुख्यतः तो वापरतात. अंघोळीच्या साबणानं दाढी करणाऱ्यांचा फेस निम्म्या दाढीतच का सुकतो, याचं उत्तर बरंचसं इथे आहे. उत्पादक थोडं स्टिअरिक ॲसिड मुद्दाम साबण न करता तसंच ठेवतात. क्रीमला मोत्यासारखी झाक येते ती त्यामुळे.

यादीत ग्लिसरीन किती वर आहे हे मी नेहमी बघतो. ग्लिसरीन पाण्याला धरून ठेवतं, फेस सुकू देत नाही आणि निसरडेपणाही वाढवतं. पहिल्या चार-पाच नावांत ते असेल तर क्रीमला माझ्याकडून एक गुण जास्त.

एक मर्यादा मात्र समजून घ्यायला हवी. खऱ्या साबणाचं कोणतंही क्रीम अल्कलीच असणार. त्याचा सामू साधारण ९ ते १० असतो, तर आपल्या त्वचेचा ५ च्या आसपास. निरोगी त्वचा हा फरक काही तासांत आपोआप भरून काढते. ज्यांची त्वचा मुळात कोरडी आहे किंवा ज्यांना इसब आहे, त्यांना हे रोज झेपत नाही. अशांनी बिनब्रशच्या क्रीमकडे वळावं. त्याबद्दल पुढे सांगतो.

बोअरचं पाणी आणि बाटलीचा प्रयोग

बोअरच्या पाण्यात जमिनीतून विरघळून आलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबणाची गाठ यांच्याशी पडली की फेस होण्याऐवजी न विरघळणारा, चिकट, पांढरट साका तयार होतो. बादलीच्या कडेला बसतो तोच. म्हणजे तुम्ही घेतलेल्या क्रीममधला काही साबण फेस होण्याआधीच या साक्यात वाया जातो, आणि तो साका चेहऱ्यावर, ब्रशच्या मुळाशी, रेझरच्या पात्यांमध्ये बसतो. दाढीनंतर चेहरा धुऊनही ओढल्यासारखा, राप बसल्यासारखा वाटतो. दोष क्रीमला दिला जातो. सह्याद्रीत पडलेल्या पावसाचं धरणातलं पाणी त्या मानानं बरंच मृदू असतं, म्हणून सदाशिव पेठेत उत्तम फेस देणारी ट्यूब टँकरच्या पाण्यावर रुसून बसते.

तुमचं पाणी कसं आहे हे घरच्या घरी कळतं. दोन सारख्या रिकाम्या बाटल्या घ्या. एकीत नळाचं पाणी अर्धी बाटली, दुसरीत तेवढंच आरओचं किंवा पावसाचं पाणी. दोन्हींत मुगाच्या दाण्याएवढं तुमचंच ब्रशचं क्रीम टाका, बूच लावा आणि सारखाच वेळ हलवा. मग खाली ठेवून पाच मिनिटं बघत राहा. मृदू पाण्याच्या बाटलीत वर फेसाचा जाड थर उभा राहतो आणि खालचं पाणी जवळपास स्वच्छ राहतं. क्षाराच्या पाण्यात फेस जेमतेम बोटभर येतो, लगेच खाली बसतो, आणि पाणी दुधाळ होऊन त्यात बारीक कण तरंगतात. गीझरच्या कॉइलवर आणि नळाच्या तोंडाशी पांढरी पुटं चढत असतील तर प्रयोगाआधीच उत्तर कळलेलं आहे. सोसायटीनं पाण्याची तपासणी केली असेल तर अहवालात एकूण कठीणपणाचा आकडा बघा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरमागे २०० मिलीग्रॅम ही स्वीकारार्ह आणि ६०० ही दुसरा स्रोत नसल्यास चालवून घेण्याची मर्यादा आहे. २०० च्या वर गेलात की साबणाचा फेस हट्टीपणा करायला लागतो.

उपाय सोपा आहे. फेस करण्यापुरतं अर्धा मग आरओचं पाणी घ्या; रेझर आणि चेहरा नळाखाली धुतला तरी चालतं. आरओमधून बाहेर टाकलेलं पाणी मात्र यासाठी घेऊ नका, क्षार त्यातच जास्त असतात. साध्या कँडल फिल्टरनं किंवा यूव्हीच्या यंत्रानं क्षार जात नाहीत. तुरटीनं गाळ खाली बसतो, क्षार तसेच राहतात. पाणी उकळून निवळू दिलं तर काही क्षार कमी होतात, सगळे नाहीत. क्रीमच्या यादीत ईडीटीए असलेलं नाव दिसलं तर थोडी मदत होते, कारण ते कॅल्शियमला आपल्याशी बांधून ठेवतं. पण ट्यूबमधलं त्याचं प्रमाण इतकं कमी असतं की फार जड पाण्यापुढे त्याचा जोर चालत नाही. एवढी खटपट रोज नको असेल तर फेसच न लागणारं क्रीम घ्या.

ब्रश, बिनब्रश, फोम, जेल

बिनब्रशचं क्रीम हे जातीनं वेगळं असतं. त्यात साबण अगदी थोडा, आणि तेल-पाण्याचं मिश्रण जास्त, साधारण चेहऱ्याच्या व्हॅनिशिंग क्रीमसारखं. अमेरिकेत १९१९ मध्ये फ्रँक शील्ड्स या एमआयटीच्या माजी प्राध्यापकानं काढलेलं बार्बासॉल हे या प्रकारातलं एक जुनं, गाजलेलं नाव. ओल्या चेहऱ्यावर बोटांनी लावायचं, एक मिनिट थांबायचं आणि दाढी करायची. फेस नसल्यामुळे पाण्याच्या क्षारांनी फारसं बिघडत नाही, कोरड्या त्वचेला हे मानवतं आणि प्रवासात ब्रश न्यावा लागत नाही. तोटा असा की रेझरमध्ये ते अडकतं. दोन-तीन हात मारले की पातं जोरदार पाण्याखाली धरावं लागतं. तीन किंवा पाच पात्यांच्या कार्ट्रिजमध्ये हा त्रास जास्त जाणवतो.

डब्यातला फोम तयार फेस देतो आणि वेळ वाचवतो. पण तो फेस डब्यातल्या वायूनं फुगवलेला असतो. मळून-मळून त्यात पाणी भरलेलं नसतं. म्हणून तो चेहऱ्यावर ढिगानं दिसला तरी केसापर्यंत पाणी पोचवायचं काम आधी तुम्हालाच करावं लागतं. चेहरा नीट भिजवून, फोम बोटांनी चोळून लावून मिनिटभर थांबलात तर तो ठीक काम करतो. जेल त्याहून दाट असतं, हातावर चोळल्यावर फेसाळतं, आणि निसरडेपणात मला ते फोमपेक्षा उजवं वाटतं. दोन्ही डब्यांत सहसा ज्वलनशील वायू दाबाखाली भरलेला असतो. एप्रिलच्या उन्हात बंद गाडीत डबा सोडू नका.

ब्रशबद्दल थोडंसं. कृत्रिम केसांचा ब्रश पावसाळ्यात लवकर वाळतो, प्राण्याच्या केसांचा ओला राहून कुबट होऊ शकतो. कोणताही असो, धुऊन, झटकून, केस खाली करून टांगा.

थंडावा आणि वास

मेंथॉल असलेलं क्रीम लावलं की चेहरा गार पडल्यासारखा वाटतो. चेहऱ्याचं तापमान त्यानं फारसं बदलत नाही. त्वचेतल्या ज्या चेतातंतूंना थंडी कळते, त्यांना मेंथॉल चाळवतं आणि मेंदूला गारव्याचा निरोप जातो. उन्हाळ्यात हे सुखाचं वाटतं, यात शंका नाही. पण या गारव्यामुळे पातं कातडी खरवडत असल्याची जाणीव उशिरा होते, आणि नाजूक त्वचेला मेंथॉल स्वतःच चुरचुरतं. पहिल्यांदाच दाढी करू लागलेल्या मुलाला मी मेंथॉलचं क्रीम देणार नाही. हात बसेपर्यंत त्याला पात्याचा स्पर्श नीट कळला पाहिजे.

सुगंध हे सौंदर्यप्रसाधनांतून होणाऱ्या ॲलर्जीचं एक नेहमीचं कारण आहे. रोजच्या दाढीत कातडीचा वरचा थर थोडा-थोडा निघत असतो, त्यामुळे अशा घटकांना आत शिरायला वाट मिळते. आधी कधी अत्तर किंवा डिओनं पुरळ आलं असेल तर सुगंध नसलेलं क्रीम शोधा. नवीन ट्यूब घेतली की थेट चेहऱ्यावर न लावता कोपराच्या आतल्या बाजूला चार-पाच दिवस थोडं लावून, काही मिनिटांनी धुऊन बघा.

रोजची दाढी आणि गळ्यावरचे फोड

पोलीस, लष्कर, हॉटेल, कंपनीतली ठरावीक नोकरी अशा ठिकाणी ज्यांना रोज गुळगुळीत दाढी लागते, त्यांची खरी तक्रार गालांची नसते, गळ्याची असते. जबड्याखाली बारीक फोड, मधोमध केसाचा काळा ठिपका. केस फार खोलवर कापला गेला की वाढताना त्याचं टोक कातडीतच वळतं आणि तिथे दाह होतो. कुरळ्या दाढीत हे जास्त होतं. अनेक पात्यांच्या रेझरमध्ये पहिलं पातं केस ओढून धरतं आणि मागचं त्याला आणखी खालून कापतं, त्यामुळे त्रास वाढू शकतो. अशा वेळी क्रीम बदलण्याआधी एका पात्याचा रेझर घ्या आणि उलटा हात बंद करा. गळ्यावरचे केस सगळ्यांचे वरून खाली वाढत नाहीत. कुणाचे आडवे, कुणाचे खालून वर. एक दिवसाचे खुंट वाढू देऊन बोट फिरवा. ज्या दिशेनं बोट अडत नाही, ती सुलट.

हेल्मेटचा पट्टाही इथेच बसतो. ताज्या दाढीवर घामट, धुळकट पट्टा अर्धा तास घासला की ती जागा लाल होणारच. पट्टा आठवड्यातून एकदा साबणानं धुवा आणि निघण्याआधी मॉइश्चरायझर मुरायला दहा मिनिटं द्या.

पात्याचं म्हणाल, तर स्टीलपेक्षा सुमारे ५० पट मऊ असलेला केससुद्धा धारेचे टवके उडवू शकतो, हे एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिलं. तेव्हा पातं ओढायला लागलं की बदला, काटकसर तिथे नको. दाढीनंतर तुरटी फिरवायला हरकत नाही. तिनं बारीक कापल्याचं रक्त थांबतं. पण ती कातडी आवळते, म्हणून मिनिटभरानं धुऊन टाका आणि वर साधं मॉइश्चरायझर लावा. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत अल्कोहोलचं आफ्टरशेव्ह मी कुणालाच सुचवणार नाही.

विकत घेताना

२२ सप्टेंबर २०२५ पासून शेव्हिंग क्रीमवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा छापील किंमत बघताना उत्पादनाची तारीखही बघा. पहिल्यांदा सगळ्यात छोटी ट्यूब घ्या. दोन आठवडे रेझर, पातं, फेसवॉश काहीही बदलू नका, म्हणजे जो फरक दिसेल तो क्रीमचाच असेल.

आणि आग होत असेल तर ती नेमकी कुठे होते हे आरशात नीट बघा. जिथे-जिथे फेस लागला तिथे सगळीकडे, म्हणजे पातं न फिरलेल्या गालाच्या वरच्या कडेलाही लाली असेल, तर क्रीम बदला. फक्त पात्याच्या वाटेवर असेल तर पातं, जोर आणि दिशा तपासा. फक्त पट्ट्याखाली असेल तर हेल्मेट. पूचे फोड येत असतील किंवा दोन आठवडे दाढी बंद ठेवूनही पुरळ जात नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि ट्यूब बरोबर न्या. घटकांची पूर्ण यादी तिच्यावरच छापलेली असते आणि डॉक्टर ती मागतातच.